घरच्या पाळणाघरात मूल शिकतं कधी? डायपर बदलताना, जेवताना, डबे वाजवताना

पाळणाघर बघायला आलेले आई-वडील बहुधा भिंतीवरचे रंगीत तक्ते बघतात, कॅमेरा आहे का विचारतात आणि "काय काय शिकवता?" हा प्रश्न टाकतात. मग इंदूरच्या सुदामा नगर, रामबाग, तिलक नगर अशा भागांत घरच्या घरी चार-पाच मुलं सांभाळणाऱ्या काकू-मावश्याही त्याच प्रश्नाच्या उत्तरामागे लागतात. तक्ते येतात, दीड वर्षाच्या पोराच्या हातात खडू देऊन त्याला ए-बी-सी-डीसमोर बसवलं जातं, आणि त्याच पोराचा डायपर मात्र एक डोळा मालिकेवर ठेवून बदलला जातो. हे उलटं आहे. तीन वर्षांखालच्या मुलाचं बहुतेक शिकणं डायपर बदलण्यात, भरवण्यात, हात धुण्यात आणि झोपवण्यात दडलेलं असतं.

याचं कारण मेंदूत सापडतं. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो, पाच वर्षांपर्यंत सुमारे ९० टक्के. या काळात पेशींमधल्या जोडण्या भराभर तयार होतात, लागतात त्याहून कितीतरी जास्त. ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, उरलेल्या गळून जातात. तान्ह्या मुलाच्या बाबतीत 'वापर' म्हणजे काय? तर मूल आवाज काढतं, बघतं, हात पुढे करतं आणि ओळखीचं माणूस त्याला उत्तर देतं. मूल "अऽ" करतं, तुम्ही त्याच्याकडे बघून "हो का? आणखी काय?" म्हणता आणि थांबता. ते पुन्हा "अऽ" करतं. बोलणं, लक्ष एके ठिकाणी ठेवणं, चिडल्यावर शांत होणं, माणसावर भरवसा टाकणं, या सगळ्याचा पाया या देवाणघेवाणीत पडतो. तक्ता उत्तर देत नाही, टीव्हीही देत नाही.

चार मिनिटांचा डायपर

तान्ह्या मुलाचा डायपर दिवसभरात पाळणाघरात चार-पाच वेळा बदलावा लागतो, दर वेळी तीन-चार मिनिटं. म्हणजे रोज पंधरा-वीस मिनिटं मूल आणि मोठं माणूस हातभर अंतरावर, समोरासमोर असतात. चार मुलांच्या घरात एका मुलाला एवढा एकट्याचा वेळ दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही. तो हातातून जाऊ देऊ नका.

सामान आधी जवळ घ्या: मेणकापड, त्यावर सुती दुपटं, कोमट पाणी आणि कापूस किंवा ओलं फडकं, नवा डायपर. मूल उंचावर असेल तर एक हात कायम त्याच्या अंगावर राहिला पाहिजे. खरं तर जमिनीवरच बदलावा, पडायला जागाच नको. मग सांगा, "आता चड्डी काढू या." सांगितलं की मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. आठ महिन्यांचं मूल ऐकलेल्या वाक्यावर काहीतरी करायला तेवढा वेळ घेतं. तेवढ्यात ते पाय उचलतं, आवाज काढतं किंवा तुमच्या बांगडीकडे बघतं. त्याने जे केलं त्यालाच शब्द द्या: "पाय वर केलास! हा एक पाय. दुसरा कुठंय?" महिन्याभरात ते "पाय" म्हटल्यावर आपणहून पाय उचलू लागतं. शब्दाचा अर्थ कळणं, पुढे काय होणार हे ओळखणं आणि कामात हातभार लावणं अशा तीन गोष्टी यात एकाच वेळी होतात.

पुसताना नेहमी पुढून मागे पुसायचं, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच, नाहीतर लघवीच्या मार्गात संसर्ग जातो. काम झालं की तुमचे हात साबणाने २० सेकंद, मग मुलाचेही. वापरलेला डायपर गुंडाळून, कागदात बांधून वेगळा ठेवायचा. इंदूरच्या कचरागाडीला त्यासाठी वेगळा कप्पा असतो, तो ओल्या-सुक्यात मिसळला की गाडीवाले ओरडतात आणि त्यांचं बरोबर आहे.

चुका कुठे होतात? एक म्हणजे मूल वळवळू नये म्हणून त्याच्या हातात मोबाइल द्यायचा. काम लवकर होतं, पण तो पंधरा मिनिटांचा वेळ गेला. दुसरी चूक जरा फसवी आहे: मुलाशी बोलायचं म्हणून अखंड बोलत राहायचं. मध्ये थांबलंच नाही तर मुलाची पाळी येत नाही, आणि पाळी न येणारं मूल काही दिवसांत प्रयत्न सोडतं.

एका बाईने किती मुलं?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. त्यानंतर २०१८ मध्ये केंद्राने पाळणाघरांसाठी किमान निकष सुचवले. त्यात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सांभाळणारी आणि ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. घरच्या पाळणाघराला हे प्रमाण लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. घरात तीच बाई स्वयंपाक करते, तीच दार उघडते, तीच कुकरच्या शिट्ट्या मोजते. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे एका वेळी पाच वर्षांखालची तीनच मुलं घेता येतात आणि त्यात एक वर्षाखालचं एकच. तो आकडा हाताच्या हिशोबाला धरून आहे: आग लागली तर एकटं माणूस किती मुलं उचलून बाहेर पडेल?

एकटी बाई असेल तर तीन वर्षांखालची तीन मुलं पुरेत, मदतनीस असेल तर पाच-सहा. वयं मात्र थोडी मागेपुढे असू द्या. चार वर्षांची ताई दीड वर्षाच्या पोराला डबा उघडून दाखवते तेव्हा दोघं शिकतात, आणि घरच्या पाळणाघराची हीच गोष्ट मोठ्या नर्सरीला जमत नाही.

पहिले दहा दिवस

आठ-नऊ महिन्यांपासून मुलाला आई दूर जाते म्हणजे काय हे कळायला लागतं, पण ती परत येते हे अजून पक्कं झालेलं नसतं. ही भीती दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात तीव्र असते. बरीच मुलं याच वयाच्या आसपास पाळणाघरात येतात. रजा संपायच्या आदल्या दिवशी मूल आणून सोडलं तर पुढचे तीन आठवडे सगळ्यांचे हाल.

रजा संपण्याआधी दोन आठवडे सुरुवात करा. पहिले दोन-तीन दिवस आई किंवा बाबा सोबत बसून एक तास. त्या तासात काकूने मुलाला उचलायची घाई करायची नाही, जमिनीवर बसून दुसऱ्या मुलाशी खेळायचं, मूल आपणहून सरकत येतं. चौथ्या दिवशी आईने सांगून पंधरा मिनिटांसाठी बाहेर जायचं आणि परत यायचं. पुढे अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. पहिली झोप पाळणाघरात झाली की निम्मा गड सर झाला समजा, कारण अनोळखी जागी मूल सहसा डोळे मिटत नाही. आईची वापरलेली ओढणी दिवसा मुलाजवळ असू द्या, वासाने धीर येतो. वर्षाखालच्या मुलाच्या झोपण्याच्या जागी मात्र ती नको, तोंडावर येऊ शकते.

निरोप घेताना लपूनछपून पळायचं नाही. मूल खेळात रमलंय बघून आई सटकली तर त्या वेळेपुरतं रडणं वाचतं, पण मुलाला कळतं की आई कधीही गायब होऊ शकते. दुसऱ्या दिवसापासून ते तिचा पदर सोडत नाही. रोज तीच दोन वाक्यं, तोच एक पापा, आणि निघायचं. "आई कामाला जाते, तू झोपून उठून दूध प्यायलास की आई येणार." वेळ घड्याळात सांगून उपयोग नाही, दिनक्रमात सांगा. दारात उभं राहून पाच वेळा मागे वळून बघणाऱ्या बाबांनाही हे प्रेमाने सांगावं लागतं.

जमीन मोकळी हवी

पाळणाघराची पहिली गरज म्हणजे स्वच्छ, मोकळी जमीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दिलेल्या सूचनांनुसार न रांगणाऱ्या तान्ह्या मुलाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर पालथं ठेवावं. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान तीन तास हालचाल हवी. आणि कुठलंही मूल खुर्चीत, बाबागाडीत किंवा पाठीला बांधून सलग एक तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. पालथं ठेवलेलं मूल दोन मिनिटांत कुरकुरतं. मग दोन-दोन मिनिटंच ठेवा, दिवसातून पंधरा वेळा, तुम्ही समोर स्वतः पालथं पडून. मान, खांदे, तळहात यांची ताकद इथे तयार होते, आणि पुढे पेन्सिल धरायलाही तीच लागते.

वॉकर नको. वॉकरमध्ये मूल पंजांवर ढकललं जातं, तोल सांभाळायची गरजच पडत नाही, म्हणून चालणं लवकर येत नाही. उलट जिना, गॅस आणि गरम चहापर्यंत ते झपाट्याने पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. "शेजारचा दहा महिन्यांचा चालतो, आमचा तेरा महिन्यांचा होऊनही नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्या आजींना एक आकडा सांगावा: निरोगी मुलांमध्ये आधाराशिवाय चालण्याची सुरुवात साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही होते. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात.

जमिनीवर मोकळं सोडायचं तर घर मुलाच्या उंचीवरून बघावं लागतं, गुडघ्यांवर बसून. प्लगला झाकणं, जिन्याला फाटक, स्वयंपाकघराच्या दाराला अर्धी फळी. इंदूरच्या घरात आणखी एक धोका हमखास असतो: साठवलेलं पाणी. नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं, त्यामुळे मोरीत भरलेल्या बादल्या, टब, ड्रम असतातच. रांगणारं मूल बादलीत वाकून डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःला वर ओढता येत नाही, आणि बुडायला दोन इंच पाणी पुरतं. आवाजही होत नाही. बादल्या झाकून चालत नाही, मोरीच्या दारालाच वरून कडी हवी.

दुसरा धोका घशात अडकणाऱ्या वस्तूंचा. जी वस्तू टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. सगळ्यात वाईट म्हणजे रिमोट आणि खेळण्यांतले बटणासारखे चपटे सेल. तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही जळू शकते. उलटी करवायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

खेळणी स्वयंपाकघरातून आणा

सहा ते अठरा महिन्यांच्या मुलांसाठी बाजारातल्या दिवे लागणाऱ्या खेळण्यांपेक्षा भांड्यांची टोपली बरी. वेताची किंवा पत्र्याची पसरट टोपली घ्या आणि तिच्यात पंधरा-वीस वस्तू ठेवा, पण प्रत्येक वस्तू निराळ्या पदार्थाची: स्टीलची वाटी, लाकडी उलथनं, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, सुती रुमाल, पितळेचं मोठं झाकण, खलबत्त्याचा लाकडी बत्ता, जाड दोऱ्याचं विणलेलं फडकं, त्या नळीतून न जाणारं मोठं लिंबू. मूल एकेक उचलून तोंडात घालतं, आपटतं, टाकतं, पुन्हा उचलतं. स्टील थंड लागतं, लाकूड नाही. वाटी वाजते, रुमाल वाजत नाही. हे त्याचं प्रयोगघर. तुम्ही जवळ बसा, पण शिकवू नका. मूल तुमच्याकडे बघेल तेव्हाच बोला.

अठरा महिन्यांनंतर मुलांना भरणं-ओतणं, आत घालणं-बाहेर काढणं यांचं वेड लागतं. एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं दिली तर अर्धा तास जातो. कोणतं झाकण कुठल्या डब्याचं हे शोधण्यात आकार, मोठं-लहान, आणि चुकलं तर पुन्हा करून बघायची चिकाटी, सगळं आलं. कणकेचा गोळा हवा तर एक वाटी कणीक, अर्ध्या वाटीपेक्षा किंचित कमी पाणी आणि चमचाभर तेल. भरपूर मीठ घालून टिकाऊ गोळा करण्याची कृती इंटरनेटवर सापडेल, ती तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना देऊ नका, एवढं मीठ पोटात जाणं घातक. रोजचा ताजा गोळा करा, संध्याकाळी टाकून द्या.

सगळी खेळणी एकदम बाहेर काढली की मूल कशातच रमत नाही. एका वेळी पाच-सहा बाहेर, बाकी कपाटात, आठवड्याने अदलाबदल.

वयानुसार आणखी खेळ हवे असतील तर केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये दोन आराखडे काढले आहेत: जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना', त्यात घरी आणि अंगणवाडीत करायचे १४० खेळ दिले आहेत, आणि तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला'. बालविकासाचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था, जुन्या नावाने निपसिड, हिचं एक क्षेत्रीय केंद्र इंदूरमध्येच आहे. अंगणवाडीच्या प्रशिक्षणाशी जोडलेलं कुणी ओळखीत असेल तर पाळणाघर चालवणाऱ्यांनी त्यांच्याकडून माहिती घ्यावी.

टीव्ही आणि मोबाइलबद्दल मात्र सूट नाही. दोन वर्षांपर्यंत अजिबात नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून. तो एक तास घरी वापरला जाणारच आहे, म्हणून पाळणाघराच्या वाट्याला शून्य येतो. मागे चालू असलेली मालिकाही यात मोजायची, मूल ती बघत नसलं तरी. टीव्ही चालू असताना मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात, नुकसान तिथे होतं.

मराठी बोलायचं, हिंदी की इंग्रजी?

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो. आजी-आजोबांशी मराठी, आई-बाबांचं आपसात अर्धं मराठी अर्धं हिंदी, गल्लीत हिंदी, आणि पुढे इंग्रजी शाळा. मग कुणीतरी सांगतं की मूल गोंधळेल, उशिरा बोलेल, एकच भाषा ठेवा. आणि जी भाषा सोडली जाते ती नेहमी मराठी.

दोन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं बिघडत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. दीड वर्षाचं मूल 'पानी' हिंदीत म्हणतं आणि 'भूभू' मराठीत, तर त्याच्याकडे दोन शब्द आहेत. "मला बॉल दे दो" असं मिसळलेलं वाक्य आलं तर त्यात आजार काही नाही, ज्या भाषेतला शब्द हाताशी आहे तो ते वापरतं. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत कुणाशी कोणती भाषा बोलायची हे त्याचं त्याला कळतं.

काकूने कोणती बोलावी? जी तिला सगळ्यात सहज येते ती. कारण सहज येणाऱ्या भाषेत माणूस लांब वाक्यं बोलतं, गंमत करतं, गोष्ट रंगवतं, रागावलं तरी प्रेमाने रागावतं. मोडक्या इंग्रजीत उरतात फक्त हुकूम: सिट डाउन, कम हिअर, नो. दिवसाचे नऊ तास मूल हुकूमच ऐकत राहिलं तर त्याची कुठलीच भाषा वाढत नाही. आई-वडिलांनी "इंग्लिशमध्ये बोला" असा आग्रह धरला तर हे कारण समजावून सांगा. हिंदीभाषक घरातलं मूल मराठी काकूकडे येत असेल तर तिने त्याच्या घरचे पाच-सात शब्द मात्र आईकडून शिकून घ्यावेत: पाणी, भूक, शू, झोप, आणि दुखतंय याला ते घरी काय म्हणतं. नाहीतर पहिल्या आठवड्यात त्याला काय हवंय तेच कुणाला कळत नाही.

भाषा वाढवायची साधी युक्ती म्हणजे मुलाच्या वाक्यात एक-दोन शब्दांची भर. ते म्हणालं "गाडी", तुम्ही म्हणा "कचरागाडी आली". ते म्हणालं "काकू पोये", तुम्ही म्हणा "हो, काकू पोहे करतेय, गरम आहेत". चूक दाखवायची नाही, बरोबर रूप आपल्या बोलण्यात यायला हवं एवढंच.

भरवणं आणि झोपवणं

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. ते काढून दिलेलं असेल तर स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, तारीख-वेळ लिहून. साध्या हवेत ते चार तास टिकतं, पण इंदूरच्या एप्रिल-मे मधल्या चाळीस अंशांत तो भरवसा ठेवू नका, आल्या आल्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा आणि २४ तासांत संपवा. गरम करायचं ते भांडं कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वाटी-चमच्याने पाजलेलं बाटलीपेक्षा चांगलं, बाटलीचं निपल नीट धुतलं जात नाही.

सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, दलिया, कुस्करलेलं केळं, मक्याच्या दिवसांत दुधातला अगदी मऊ शिजवलेला भुट्ट्याचा कीस. घट्टपणा असा की चमचा तिरका केला तर घास पटकन ओघळू नये. फार पातळ दिलं तर पोट भरतं, पण ताकद मिळत नाही. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादं खाणं. एक वर्षापर्यंत मीठ-साखर नको, आणि मध तर बोटभरही नको. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो, मग तो घुटीतून का दिलेला असेना.

अंदाजे नऊ महिन्यांपासून मूल चमचा हिसकावतं. त्याला दुसरा चमचा द्या, तुमचा तुमच्या हातात ठेवा. अर्धं जमिनीवर सांडेल. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सांडू द्या. त्याने तोंड फिरवलं, ओठ मिटले की थांबा. मोबाइल दाखवून दोन घास जास्त घातले तर पोट भरलं हे ओळखायची त्याची शक्ती कमी होते.

इंदूरमध्ये कशावरही शेव पडते, पोह्यांवर तर पडलीच पाहिजे. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना ती आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गाजराचे कच्चे तुकडे देऊ नका. ते थेट श्वासनलिकेत जाऊ शकतात. घास अडकून मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, तोंड निळं पडू लागलं तर वर्षाखालच्या मुलाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उलटून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब. वर्षावरच्या मुलाला पाच थापा आणि मागून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही, कुठल्या तरी प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर करून बघावं लागतं.

वर्षाखालचं मूल नेहमी पाठीवर झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, जाड दुलई, मऊ खेळणी नको. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती पाळणाघरात तरी नको. पाठीवर झोपणं सुरक्षित, आणि जागेपणी पालथं खेळणं झालं की डोक्याचा आकारही नीट येतो.

चावणारं मूल

दीड-दोन वर्षांची मुलं चावतात. शब्द नसतात, दात असतात. "तुमचं मूल चावकं आहे" असं दारात सगळ्यांसमोर म्हणणं ही वाईट पद्धत. ज्याला चावलं गेलं त्या मुलाकडे आधी जा, जखम साबण-पाण्याने धुवा. चावणाऱ्याला खाली बसून, त्याच्या डोळ्यांत बघून चार शब्द: "चावायचं नाही. दुखतं." भाषण नाही, आणि उलट चावून दाखवणं तर मुळीच नाही. मग वही काढा आणि लिहा: किती वाजता, कुणाला, त्याआधी काय चाललं होतं. तीन-चार नोंदी झाल्या की चित्र दिसतं. बहुधा जेवणाआधीचा अर्धा तास, किंवा एकच लाल गाडी आणि तिच्यामागे तीन मुलं. जेवण वीस मिनिटं लवकर द्या, तशीच दुसरी गाडी आणा, आणि हात पुढे करून "मला दे" म्हणायला शिकवा.

वही आणि वेळेवर ओळखणं

हीच वही पाळणाघराचं खरं साधन आहे. रोज प्रत्येक मुलाच्या तीन ओळी पुरतात: काय आणि किती खाल्लं, किती झोपलं, आज नवं काय केलं. तिसरी ओळ महत्त्वाची, कारण आई-वडील मुलाला रात्री थकलेलं बघतात आणि तुम्ही दिवसभर ताजंतवानं. उशीर कुठे होतोय हे आधी तुमच्या लक्षात येतं.

काही गोष्टींसाठी वाट बघू नये. एक वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नाही, टाटा करत नाही, बा-बा दा-दा असा आवाज नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांचं वाक्य नाही, ऐकलेलं तसंच म्हणणं यात मोजायचं नाही. नावाने हाक मारल्यावर बघत नाही. शरीराची एकच बाजू वापरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही वयात आलेली गोष्ट गेली, बोलत होतं ते बोलायचं थांबलं. "मुलगे उशिराच बोलतात", "त्याचे बाबाही चार वर्षांनी बोलले" या समजुतीत सहा-सहा महिने जातात. बोलत नसेल तर पहिली तपासणी कानांची, कारण सर्दीने वारंवार कानात पाणी साठणारं मूलही नीट ऐकत नाही.

यासाठी पैसे मोजावेच लागतात असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि त्याखाली जिल्हा पातळीवर विकासातला उशीर लवकर ओळखणारी केंद्रं आहेत. बालरोगतज्ज्ञ, श्रवण-वाचा तज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकाच ठिकाणी भेटावेत अशी त्यांची रचना आहे. अंगणवाडी ताईकडून किंवा जिल्हा रुग्णालयातून तिथली चिठ्ठी मिळते.

आई-वडिलांना सांगताना "तुमचं मूल मागे आहे" असं म्हणू नका, आणि रोगाचं नाव तर घेऊच नका, ते तुमचं काम नाही. घ्यायला आल्यावर घाईत, दुसऱ्या पालकांसमोरही नको. वेगळी वेळ मागा, वही उघडा, आणि जे बघितलं तेवढंच सांगा: "गेल्या तीन आठवड्यांत मी मागून हाक मारली तेव्हा त्याने दहातल्या दोनदाच वळून बघितलं. घरी तुम्हाला काय दिसतं?" पहिल्या भेटीत बहुतेक जण रागावतात किंवा "घरी तर सगळं करतो" म्हणतात. वाद घालू नका. दोन आठवडे त्यांनाही घरी तेच बघायला सांगा आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवून वहीत लिहा.